वाटणी, फारकत आणि घर : मराठी साहित्यातील एका अनुपस्थित प्रसंगाविषयी

१

मराठी साहित्यात घर बांधले जाते, सोडले जाते, जप्त होते, मोडकळीस येते, भावाभावांत वाटले जाते. मात्र पती-पत्नी विभक्त झाल्यानंतर दोघांच्या सह्यांनी ते घर विकले गेले, आलेल्या पैशाचे दोन वाटे झाले आणि त्या व्यवहारातच एका संसाराचा अर्थ उघड झाला, असा प्रसंग केंद्रस्थानी असलेली महत्त्वाची कृती मराठीत शोधावी लागते. नागर कथेत, विशेषतः १९८० नंतरच्या, असे उल्लेख ओझरते येतात. पण ते बहुधा पार्श्वभूमीतील तपशील असतात. विवाहविच्छेद हा विषय मराठी लेखकांनी टाळला असे म्हणता येणार नाही. विच्छेदाची भावनिक आणि नैतिक बाजू गेल्या शतकभरात पुष्कळ लिहिली गेली आहे. न लिहिली गेलेली बाजू आहे ती घराची, म्हणजे भिंतींची, दस्तऐवजांची आणि हिश्श्याची.

ही अनुपस्थिती अपघाती आहे, की मराठी भाषेच्या, कायद्याच्या आणि वाङ्मयीन संकेतांच्या घडणीतच तिची कारणे आहेत, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे. त्याची मांडणी करताना खानदेशाचा, आणि त्यातही जळगावलगतच्या पिंप्राळ्यासारख्या गावाचा संदर्भ मुद्दाम घेतला आहे. कृषिसंस्कृतीतील घर आणि नोकरदारांच्या वसाहतीतील घर यांच्या सीमेवर ते उभे आहे. घर या संकल्पनेचे जे परिवर्तन साहित्याने अद्याप पुरते टिपलेले नाही, ते तेथील मोजणीच्या नकाशावर केव्हाच उमटले आहे.

२

प्रथम भाषेकडे वळणे उचित ठरेल. विवाह संपुष्टात येण्यासाठी मराठीत चार शब्द रूढ आहेत : घटस्फोट, काडीमोड, फारकत आणि सोडचिठ्ठी. चारही शब्दांचे मूळ वेगळे आहे, पण चौघांचा कल एकाच दिशेला आहे.

‘घटस्फोट’ हा शब्द धर्मशास्त्रातून आला. तेथे त्याचा संबंध विवाहाशी नाही. पतित ठरलेल्या व्यक्तीला आप्तांनी जिवंतपणीच उदकक्रियेच्या विधीने नात्यातून बाहेर काढणे, असा त्याचा अर्थ. आधुनिक मराठीने तो विवाहविच्छेदासाठी स्वीकारला, तेव्हा बहिष्काराची छटाही त्याच्याबरोबर आली. ‘काडीमोड’ हा लोकव्यवहारातील शब्द. काडी मोडणे ही प्रतीकात्मक क्रिया आहे; मोडलेल्या काडीचे तुकडे कोणी वाटून घेत नाही. ‘फारकत’ हा अरबी-फारसी वळणाचा दप्तरी शब्द. मागणे उरले नाही, दावा सुटला, असे लिहून देणारा तो लेख. ऋणको-धनकोंत, भागीदारांत आणि पती-पत्नींतही तो चाले. ‘सोडचिठ्ठी’ त्याच जातीची. सोडणारा चिठ्ठी देतो, सुटणारी ती घेते.

बहिष्कार, मोडणे, दावा सोडणे, सोडून देणे अशा या चार कल्पना आहेत. वाटून घेण्याची कल्पना यांपैकी एकाही शब्दात नाही. वाटणीची शब्दसंपत्ती मराठीत दरिद्री आहे असे मुळीच नाही. वाटणी, हिस्सा, वेगळे निघणे, चूल वेगळी करणे, मधे भिंत घालणे, भाऊबंदकी असा तिचा मोठा विस्तार आहे. पण तो भावांसाठी राखून ठेवलेला आहे. मराठी भाषेत भाऊ वाटून घेतात आणि नवरा-बायको सोडून देतात.

या ‘सोड’ धातूचा आणखी एक वापर लक्षात घेण्याजोगा आहे. वडिलार्जित मिळकतीतील आपला हिस्सा बहीण भावाच्या नावे लिहून देते, त्या दस्ताला ‘हक्कसोडपत्र’ म्हणतात. म्हणजे माहेरच्या घराशी स्त्रीचा लेखी संबंध येतो तो हक्कसोडपत्रातून आणि सासरच्या घराशी येतो तो सोडचिठ्ठीतून. दोन्ही घरांच्या दप्तरांत तिची सही लागते ती सोडण्यासाठी. ‘माहेर’ म्हणजे मातृगृह आणि ‘सासर’ म्हणजे श्वशुरगृह ही व्युत्पत्ती सर्वपरिचित आहे. आईचे घर आणि सासऱ्याचे घर यांसाठी भाषेने स्वतंत्र, संक्षिप्त, भावनेने ओथंबलेले शब्द घडवले. स्त्रीच्या स्वतःच्या घरासाठी असा एकही शब्द घडला नाही. आईचे म्हटलेले घरही दप्तरी आईचे नसते, हा त्यातील आणखी एक उपरोध. आणि ‘नांदणे’ या क्रियापदाचा कर्ता तर बहुतेक नेहमी स्त्रीच असते. पुरुष घरात राहतो; स्त्री नांदते, किंवा तिला नांदवले जाते. नांदण्यात वास्तव्य आहे, कर्तव्य आहे, मंगलभावही आहे, मालकी नाही.

भाषा विचारावर अशी बंधने घालते, पण ती अभेद्य असतात असे नाही. मात्र लेखक त्यांच्याविषयी सजग नसला, तर त्याची कथनरचना नकळत शब्दांनी आखलेल्या वाटेने जाते. विच्छेदाची मराठी कथा ‘तिने घर सोडले’ या वाक्यापाशी येऊन थांबते, याचे एक कारण या शब्दसंपत्तीत आहे.

३

घर सोडण्याच्या या कथनाला आधुनिक महाराष्ट्रात एक दस्तऐवजी पूर्वरंगही आहे. रखमाबाई आणि दादाजी भिकाजी यांचा १८८४ साली सुरू झालेला खटला स्त्रीच्या संमतीचा प्रश्न म्हणून यथार्थपणे अभ्यासला गेला आहे. पण तो घराचाही खटला होता. १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी दादाजींचा दावा फेटाळला. अपिलानंतर १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी रखमाबाईंना पतीच्या घरी जाण्याचा, अन्यथा सहा महिने कारावास भोगण्याचा आदेश दिला. घर आणि तुरुंग हे येथे एकाच आदेशातील दोन पर्याय आहेत. १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला. खटल्याच्या मागे रखमाबाईंना वडिलांकडून, जनार्दन पांडुरंग यांच्याकडून, आलेल्या मिळकतीचा प्रश्न आहे, असा आरोप-प्रत्यारोप त्या काळी झाला होता. पुढील वाङ्मयाने या प्रकरणातून स्वातंत्र्याची प्रतिमा उचलली. मिळकतीचा धागा तेथेच पडून राहिला.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ पासून प्रकाशित) ही विभक्ततेच्या दृष्टीनेही वाचण्याजोगी कृती आहे. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढील काही वर्षे हे दाम्पत्य दुरावले. या काळातील लक्ष्मीबाईंचे जीवन म्हणजे नातलगांच्या घरांची मालिका आहे. पंढरपूर हा तिच्यातील एक मुक्काम. विनोदाची अखंड साथ असलेल्या या निवेदनात दुःखाचा उच्चार मोजका आहे, पण स्थलांतरांची नोंद तपशीलवार आहे. विकण्यासारखे, वाटून घेण्यासारखे घर या दाम्पत्याला नव्हतेच, आणि टिळकांच्या दातृत्वामुळे भांडीकुंडीही टिकत नव्हती. म्हणून विभक्त स्त्रीची भौतिक अवस्था या आत्मकथनात निर्भेळपणे दिसते. पती हरपला की पत्ता हरपतो, आणि पत्ता हरपला की ती जेथे असेल तेथे पाहुणी असते. ‘स्मृतिचित्रे’ची समीक्षा तिच्या निवेदनशैलीवर आणि धर्मांतराच्या नाट्यावर स्थिरावली, पत्त्याच्या प्रश्नाला तिने फारसे महत्त्व दिले नाही.

विभावरी शिरूरकरांच्या ‘हिंदोळ्यावर’ (१९३४) या कादंबरीत पतीपासून दूर राहणारी सुशिक्षित नायिका आली, तेव्हा वाचकांना धक्का बसला तो तिच्या प्रेमसंबंधामुळे. ती ज्या घरात हे स्वातंत्र्य भोगते त्या घराची आर्थिक बाजू हा चर्चेचा विषय झाला नाही. इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’चा (१८७९) मराठी मनावर जो परिणाम झाला, तोही याच दिशेचा होता. अनंत काणेकरांनी ‘घरकुल’ या नावाने त्या नाटकाचे रूपांतर केले. नोराने दार लोटले त्याचा आवाज सर्वांनी ऐकला. दाराच्या आतले घर हेल्मरकडेच राहिले, ही गोष्ट त्या आवाजात बुडून गेली. घर सोडणे ही मुक्तीची खूण ठरली, आणि मुक्त झालेली स्त्री रिकाम्या हातांनी बाहेर पडते हे त्या खुणेचे अलिखित पोटकलम ठरले.

विजय तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ (१९७२) मात्र हे पोटकलमच रंगभूमीवर मांडते. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना सखाराम घरी आणतो. लग्न नाही, करार आहे. न पटल्यास तिने जावे. जाताना साडी, थोडे पैसे आणि जायच्या गावाचे तिकीट मिळेल. साडी आणि तिकीट हा सखारामचा स्वतःचा विच्छेदाचा कायदा आहे. समाजाच्या कायद्याहून तो क्रूर नाही, केवळ अधिक स्पष्ट आहे. लक्ष्मी या घरातून निघते ती पुतण्याकडे, अमळनेरला; तेथेही तिचा टिकाव लागत नाही आणि ती परतते. खानदेशातले हे एक नाव नाटकात क्षणभर येते, पण त्याचे कार्य मोठे आहे. माहेरच्या किंवा नात्याच्या घराचा आधार किती तकलादू आहे, हे त्या अपुऱ्या प्रवासाने सिद्ध होते. परतलेल्या लक्ष्मीला घरात जागा हवी असते आणि ती जागा चंपाने व्यापलेली असते. सखाराम चंपाचा खून करतो. तिला घरातच पुरण्याचे बळ लक्ष्मी दाखवते. या शेवटाचा अर्थ बहुधा हिंसा, वासना आणि धार्मिकता यांच्या परिभाषेत लावला जातो. तो घराच्या परिभाषेतही लावता येतो. दोन बेघर स्त्रियांत एका घरातील जागेसाठी स्पर्धा लागते. एकीला ती जमिनीखाली मिळते, दुसरीला जमिनीवर. या घराला पुन्हा ग्राहक लाभणार नाही. टाकलेल्या स्त्रीला मराठी नाटकाने कायमची जागा दिली ती अशी.

४

घर हातचे जाण्याचे प्रसंग मराठीत नाहीत असे नाही. मात्र ते विच्छेदामुळे येत नाहीत. कर्जामुळे आणि मृत्यूमुळे येतात.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’तील जप्तीची दवंडी हा यांपैकी सर्वांत परिणामकारक प्रसंग. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात पूर्वी शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिले. दवंडी पिटली जाते ती वडिलांच्या कर्जापायी, आणि कोसळते ती आई. कर्जाच्या कागदावर जिचे नाव नाही, तिच्या प्राणावर त्या कागदाची वसुली होते. आईच्या त्यागाचे स्तोत्र म्हणून हा ग्रंथ वाचला जातो आणि ते वाचन चुकीचे नाही. पण घर गमावण्याचे दुःख आणि घरावरील अधिकार यांचे इतके व्यस्त प्रमाण क्वचितच एखाद्या कृतीत दिसेल. मराठी वाचकाच्या मनात घराच्या विक्रीशी अब्रू आणि आईचे मरण जोडले गेले, यात या प्रसंगाचा वाटा मोठा आहे. घर विकणे म्हणजे अधोगती. विकून वाटून घेणे म्हणजे तर निर्लज्जपणा. या संकेताच्या छायेत पुढचा लेखक विक्रीकडे एक न्याय्य व्यवहार म्हणून पाहू शकला नाही.

महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) हे वाड्याच्या विघटनाचे नाटक. वडिलांच्या मृत्यूनंतर कुटुंब एकत्र येते. दिवसकार्याचा खर्च, दागिन्यांची पेटी, भावांचे हिशेब यांतून एक संस्कृती उकलत जाते. वाटणीची शब्दसंपत्ती येथे पूर्ण सामर्थ्यानिशी उभी आहे, आणि ती कोणाच्या वाट्याला येत नाही हेही नाटक दाखवते. शिक्षणाची इच्छा मारून घरात राहिलेल्या प्रभाला वाड्यात जागा आहे, हिस्सा नाही. रंजू दागिने घेऊन पळून जाते. नैतिकदृष्ट्या ती चोरी आहे; पण ज्या घरात मुलीला वाटणी मागण्याची भाषाच उपलब्ध नाही, त्या घरात हिस्सा घेण्याचा दुसरा मार्ग कोणता, हा प्रश्न नाटकाच्या रचनेतून उद्भवतो. समीक्षेने वाड्याला सरंजामी ऱ्हासाचे प्रतीक मानले. प्रतीक ठरताच वाडा सर्वांचा होतो, आणि तो प्रत्यक्षात कोणाचा होता हा प्रश्न मागे पडतो.

५

खानदेशापुरते पाहता हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण या प्रदेशाने मराठीला घराची सर्वांत समर्थ कवयित्री दिली. असोद्यात १८८० साली जन्मलेल्या आणि जळगावात नांदलेल्या बहिणाबाई चौधरींची कविता १९५२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाली. जाते, चूल, खोपा, शेत ही त्या कवितेची सृष्टी. घर म्हणजे अखंड श्रम, ही जाणीव त्यांच्याइतकी कोणाच्याच कवितेत मूर्त झालेली नाही. सुगरणीच्या घरट्यावरील त्यांच्या कवितेत विणणारी मादी आहे. निसर्गात सुगरण पक्ष्यातील नर घरटे विणतो, ही चूक पक्षिशास्त्राची म्हणता येईल; पण ज्या स्त्रीने घर हाताने घडताना पाहिले, तिला घडवणारी मादीच दिसणार. घर घडवणारी ती आणि दप्तरात नाव त्याचे, ही विसंगती त्या कवितेत उच्चारलेली नाही. तिचा एक ध्रुव मात्र विलक्षण स्पष्टतेने उभा केलेला आहे. माहेरच्या ओढीवरील त्यांच्या कवितेतील तर्कही असाच आहे : एक पिढी सासरी टिकून राहते म्हणून पुढच्या पिढीला माहेर मिळते. याच तर्काची उलट बाजू कविता सांगत नाही, पण ती अटळ आहे. जी नांदली नाही, तिच्या मुलीला माहेर कोठून येणार?

खानदेशातील सणांची रचना हाच तर्क जपते. आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गौराईची गाणी म्हटली जातात. माहेरच्या सुखाचे हे वाङ्मय परत जाण्याच्या अटीवर उभे आहे. सण संपला की मुराळ्याने आणलेली लेक परतते, म्हणून तिचे येणे गोड. जी परतणार नाही, तिच्यासाठी या गाण्यांत काळ नाही. सासर तुटलेली मुलगी आखाजीला माहेरी येत नाही. ती आधीपासून तेथे असते, आणि तेच तिचे न्यून ठरते. श्रावणातील कानबाईच्या उत्सवात रोटांसाठीचे धान्य कुटुंबातील माणसे मोजून घेतले जाते आणि रोट भाऊबंदांतच खाल्ले जातात. घरात कोण मोजले जाते आणि कोण मोजले जात नाही, याचा हा दरवर्षीचा जाहीर हिशेब आहे.

गद्यात भालचंद्र नेमाडे यांच्या ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ (२०१०) या कादंबरीत खानदेशातील मोरगावचे घर वारशाचे ओझे म्हणून येते. वडिलांच्या मृत्यूमुळे परतलेल्या खंडेरावावर ते येऊन पडते. त्या कादंबरीत स्त्रियांच्या हालअपेष्टांचे मोठे दालन आहे, पण वारशाची समस्या मूलतः मुलाची समस्या राहते. ज्याला नको आहे त्याला घर चिकटते आणि ज्यांना हवे आहे त्यांना ते विचारतही नाही, हे समाजवास्तवाला धरूनच आहे.

पिंप्राळा या ठिकाणी महत्त्वाचे ठरते. आषाढी एकादशीला निघणाऱ्या विठ्ठलाच्या रथासाठी ओळखले जाणारे हे गाव आज जळगाव शहराचा भाग आहे. २००३ मध्ये जळगावला महानगरपालिका झाली. जुन्या गावठाणात घर वंशाचे असते. त्याला लागून बिनशेती झालेल्या शेतांत भूखंड पडले, तेथे घर पगाराचे असते. ते बहुधा गृहकर्जावर उभे राहते. पत्नी नोकरीत असेल तर ती सहकर्जदार असते आणि खरेदीखतावर दोघांची नावे येतात. गावठाणातील घरात वाटणी होते ती भावांची. वसाहतीतील घरात भाऊ नसतात. तेथे वाटणीचा प्रसंग आलाच तर तो पती-पत्नींतच येणार. एकाच गावाच्या दोन भागांत घराची दोन व्याकरणे अशी शेजारी नांदतात. रथ दोन्हींचा असतो. मिळकतपत्रिका वेगळ्या असतात.

विच्छेदानंतर अशा घराची विक्री ठरते तेव्हा काय घडते, याची कल्पना करणे कठीण नाही. कर्जाची बाकी फेडायची असते, हप्ते कोणी किती भरले याचा हिशेब निघतो, आणि घरकाम, बाळंतपणे, सोडलेली नोकरी यांचा हिशेब निघत नाही. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत एकमेकांशी न बोलणारी दोन माणसे एकाच कागदावर सह्या करतात. विवाहाची नोंद करतानाही दोघांनी सह्या केल्या असतील. पण एका वस्तूचे दोन समान धनी म्हणून केलेली ही कदाचित त्यांची पहिलीच सही असते. संसार संपताना समानता येते, या विलक्षण उपरोधाला मराठी कथेने अद्याप आपलेसे केलेले नाही.

६

साहित्यातील अनुपस्थिती ही कायद्यातील अनुपस्थितीचेच प्रतिबिंब आहे, असा आक्षेप येथे संभवतो. त्यात तथ्य आहे. मुंबई प्रांतात १९४७ च्या कायद्याने हिंदूंना घटस्फोटाची मुभा मिळाली, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ती देशभर आली. मात्र त्या कायद्याचे सत्ताविसावे कलम विवाहाच्या वेळी वा त्या सुमारास मिळालेल्या आणि दोघांच्या सामाईक असलेल्या वस्तूंपुरते बोलते. संसारात उभ्या राहिलेल्या घराची वाटणी ते आपोआप घडवून आणत नाही. जुन्या हिंदू कायद्याच्या मुंबईकडील परंपरेत पिता आणि पुत्र यांच्यात वाटणी झाली तर पत्नीला एक वाटा मिळे. पण ती स्वतः वाटणी मागू शकत नसे. बाप-लेक वेगळे झाले तर तिला हिस्सा, नवरा-बायको वेगळे झाले तर फारकत, अशी ही व्यवस्था होती. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला. ही मोठीच प्रगती होय. तरीही तो निवासाचा हक्क आहे, मालकीचा नाही. नांदण्याला कायद्याचे संरक्षण मिळाले, वाटणीला मिळाले नाही. विच्छेदात पत्नीला पतीच्या मिळकतीतून वाटा देण्याची तरतूद असलेले विधेयक राज्यसभेने २०१३ मध्ये संमत केले, पण ते कायद्यात उतरले नाही.

तथापि साहित्य कायद्याच्या मागेच चालते असे मानणे इतिहासाला धरून नाही. विधवाविवाह, संमतिवय, स्त्रीशिक्षण या प्रश्नांवर मराठी लेखक अनेकदा कायद्याच्या पुढे गेले. शिवाय पर्यायी व्यवस्था मराठी वाचकाच्या शेजारीच होती. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या परंपरेत, वेगळा करार केला नसेल तर, विवाहाने पती-पत्नींची मिळकत सामाईक होते. घर विकण्यास दोघांची संमती लागते आणि विच्छेदात अर्धा वाटा हा पत्नीचा हक्क असतो, कृपा नव्हे. खुद्द महाराष्ट्रात शेतकरी संघटनेच्या १९८६ च्या चांदवड येथील महिला अधिवेशनानंतर, १९९० च्या आसपास, ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम झाली आणि अनेक गावांतील शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे केला. १९८८ मध्ये संगमनेरला परित्यक्ता परिषद भरली. टाकलेल्या स्त्रियांच्या या लढ्याची नोंद निशा शिवूरकर यांनी पुढे ग्रंथरूपाने केली. १९९४ मध्ये महाराष्ट्राने वडिलार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क देणारी दुरुस्ती केली, देशात ती २००५ मध्ये आली. चळवळीने सातबाऱ्यावरील नावाचा प्रश्न विचारला तेव्हा कथा-कादंबरी मुख्यतः मनाच्या घुसमटीविषयी बोलत होती. दोहोंचा संवाद फारसा झाला नाही.

७

या अबोल्याला समीक्षाही जबाबदार आहे. घर या आशयसूत्राचा विचार करताना मराठी समीक्षेने बाशलारसारख्या चिंतकांची अवकाशमीमांसा आत्मसात केली. घर म्हणजे स्मृती, गर्भ, कवच, असे त्याचे वाचन झाले. या वाचनाने काव्यसमीक्षा समृद्ध झाली यात शंका नाही. पण कवचाला मालक असतो, हे त्या वाचनात सुटले. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ मध्ये स्वतःच्या खोलीची मागणी केली तेव्हा तिला वार्षिक उत्पन्नाची जोड दिली होती; मराठीत ती खोली रूपक म्हणून आली आणि उत्पन्न बाहेरच राहिले. स्त्रीवादी समीक्षेने घराला बंदिशाळा म्हटले, तेही पुष्कळदा यथार्थच होते. परंतु जी बंदिशाळा आहे तिच्यात वाटा कसा मागावा, हा पेच या रूपकाने निर्माण केला. मंदिर म्हटले तर घर विकता येत नाही, तुरुंग म्हटले तर त्यात हिस्सा मागता येत नाही. दोन्ही रूपके स्त्रीला रिकाम्या हातांनीच दाराबाहेर नेतात, एक रडवून आणि दुसरे गौरवून.

म्हणून घराच्या वाचनात आणखी एक स्तर आणणे आवश्यक ठरते. कृतीतील घर कोणाच्या नावावर आहे, ते कशातून उभे राहिले, त्यात कोणाचे दागिने गेले, त्यावर कर्ज कोणाचे आहे, ते विकण्याचा अधिकार कोणाला आहे, हे प्रश्न वाङ्मयबाह्य मानले जातात. ‘श्यामची आई’, ‘वाडा चिरेबंदी’ आणि ‘सखाराम बाइंडर’ या कृतींवर ते लावून पाहिले असता त्या लहान होत नाहीत. त्यांच्यातील मौने ऐकू येऊ लागतात. कलाकृतीने कोर्टाच्या निकालासारखे न्यायदान करावे, अशी ही अपेक्षा नाही. विच्छेदाच्या अनुभवात प्रेमभंग, अपमान आणि सुटका यांच्याइतकेच सत्य असलेले एक द्रव्य आहे, आणि ते विटामातीचे आहे, एवढेच येथे अभिप्रेत आहे.

पिंप्राळ्यासारख्या गावांच्या नव्या वसाहतींत ही कथा आज घडते आहे. तिला लिहिणारा मिळेल तेव्हा त्याच्यापुढे पहिली अडचण शब्दांची येईल. ‘वाटणी’ हा भावांचा शब्द नवरा-बायकोंसाठी वापरताना तो अडखळेल. ‘फारकत’ लिहावे तर हिशेब संपल्याचा भास होईल, जेव्हा हिशेब नुकता सुरू झालेला असेल. त्या अडखळण्यात मराठी कथेची एक नवी शक्यता आहे. बहिणाबाईंच्या कवितेने खोपा विणणारीला कर्तेपण दिले. तो खोपा मोडताना निघालेल्या काड्यांत तिचा वाटा किती, हे सांगण्याचे काम पुढच्या गद्याचे आहे.